लाइव्ह अडकतंय, रेकॉर्डिंगही अडखळतंय. नेट बदलू की ग्राफिक कार्ड?

चारकोपची_गेमर

नमस्कार मंडळी. कांदिवलीला चारकोपमध्ये राहते. दिवसा नोकरी, आणि रात्री जेवणं आटपली की दहानंतर यूट्यूबवर मराठीतून गेम लाइव्ह करते. बघणारे फार नाहीत, पण जे आहेत ते नेमाने येतात. हल्ली आल्या आल्या सगळ्यांचं वाक्य एकच: "ताई, अडकतंय."

मशीन: रायझन ५ ३६००, जीटीएक्स १६६० सुपर, १६ जीबी रॅम. विंडोज आणि व्हॅलोरंट २५६ जीबीच्या एसएसडीवर. फोर्झा होरायझन ५ आणि बाकीचा सगळा पसारा १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. मॉनिटर १४४ हर्ट्झचा. शेजारी भावाचा जुना ६० हर्ट्झचा आहे, त्यावर माझंच लाइव्ह उघडून ठेवते म्हणजे चॅट दिसतं. नेट गल्लीतल्या केबलवाल्याचं, १०० एमबीपीएस. राउटर खाली टीव्हीच्या वर, मी वरच्या खोलीत, मध्ये स्लॅब. मशीनला मागे यूएसबीचा वायफाय डोंगल लावलाय.

लाइव्हसाठी ओबीएस हे सॉफ्टवेअर. त्यात १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम, बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) ९००० केबीपीएस, एन्कोडर (व्हिडिओ दाबून छोटा करणारा) एनव्हेंक, म्हणजे ग्राफिक कार्डातलाच. लाइव्हबरोबर रेकॉर्डिंगही चालू ठेवते, कारण रविवारी त्यातून छोटे व्हिडिओ कापते.

आता त्रास. व्हॅलोरंट खेळताना लाइव्ह अडकतं, पण त्याच वेळचं रेकॉर्डिंग उघडलं तर एकदम स्वच्छ. फोर्झा खेळताना लाइव्हही अडकतं आणि रेकॉर्डिंगही. गाडी वळणावर गेली की चित्र उड्या मारतं. आणि ह्या सगळ्यात माझ्या स्वतःच्या स्क्रीनवर दोन्ही गेम मस्त चालतात! फोर्झा ७५-८० फ्रेम देतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईचाच, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) दहा मिलिसेकंदांच्या आतबाहेर. स्पीड टेस्टला अपलोड ९० च्या वर दाखवतो.

ड्रायव्हर नवे टाकले, ओबीएस काढून पुन्हा टाकलं, 'बेस्ट ओबीएस सेटिंग' वाले व्हिडिओ बघून तसंच्या तसं लावलं. एक म्हणतो एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) लाव, दुसरा म्हणतो चुकूनही लावू नको. आईचं मत नेट बदल, भावाचं मत कार्ड बदल. पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत. कुठे घालू?

फुल_सेटिंग

१६६० सुपरवर लाइव्ह म्हणजे त्या कार्डावर अन्याय आहे. ४०६० घे, विषय संपव. लॅमिंग्टन रोडला जुनं कार्ड देऊन वरचे पैसे भरायचे.

विरार_फास्ट

नेटच आहे. केबलवाल्यांचं असंच असतं, रात्री सगळी गल्ली वेब सिरीज लावून बसते. बिटरेट ३००० कर, चालेल.

मंडप_लाइव्ह

ताई, थांबा. अजून एक रुपया काढू नका.

मी परळचा. धंदा लाइव्हचाच. गणपतीत मंडळांच्या आरत्या, बाकी वर्षभर कबड्डीचे सामने, भजनं, लग्नं. मंडपात पंख्याखाली बसून हेच ओबीएस हाकतो. रात्री घरी आलो की ट्रकचा गेम खेळतो आणि तोही लाइव्ह करतो. तिथे बघायला कोणी येत नाही ते सोडा.

व्हॅलोरंटमध्ये लाइव्ह खराब आणि रेकॉर्डिंग चांगलं, फोर्झात दोन्ही खराब, हे तुम्ही लिहिलंत तिथेच अर्धं काम झालं. वरच्या दोघांनी ते वाचलेलं दिसत नाही.

ओबीएसमध्ये फ्रेम तीन ठिकाणी मरतात आणि तिन्हींचा हिशेब ते वेगवेगळा लिहून ठेवतं. वरच्या 'डॉक्स' मेनूत 'स्टॅट्स'. तो चौकोन खाली चिकटवून ठेवा. त्यात तीन ओळी बघायच्या: रेंडरिंग लॅगमुळे हुकलेल्या फ्रेम, एन्कोडिंग लॅगमुळे वगळलेल्या फ्रेम, आणि नेटवर्कमुळे टाकलेल्या फ्रेम. बघणाऱ्याला तिन्हींत दिसतं एकच, चित्र अडकलं. पण औषध तिन्हींचं वेगळं, आणि एकाचं दुसऱ्याला दिलं तर दुखणं वाढतं.

चाळीसेक मिनिटं फोर्झा खेळा, लाइव्ह आणि रेकॉर्डिंग दोन्ही चालू ठेवून. तिन्ही ओळी जशाच्या तशा इथे टाका. सोबत टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक कार्डावर) क्लिक करून 'थ्रीडी' किती टक्के आणि 'व्हिडिओ एन्कोड' किती टक्के तेही बघा. तोवर सेटिंगला हात लावायचा नाही.

चारकोपची_गेमर

दादा, हे घ्या. फोर्झा, चाळीस मिनिटं:

रेंडरिंग लॅग: १५,८४२ / १,४४,०१० (११.०%)
एन्कोडिंग लॅग: ३८ / १,४३,९९० (०.०%)
नेटवर्क: ९,७९० / १,४३,९०० (६.८%)

जीपीयूचं थ्रीडी सतत ९८-९९. व्हिडिओ एन्कोड मात्र तिशीच्या खालीच.

मग व्हॅलोरंटही खेळून पाहिला. तिथे रेंडरिंग जवळजवळ शून्य, एन्कोडिंग शून्य, नेटवर्क ७.१%.

मंडप_लाइव्ह

झालं. तुम्हाला दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि ती एकाच वेळी बोलतायत, म्हणून कळत नव्हतं. नेटवालं दोन्ही गेममध्ये आहे. जीपीयूवालं फक्त फोर्झात.

आधी चांगली बातमी. मधली ओळ शून्य आहे, म्हणजे एन्कोडर बिनघोर आहे. १६६० सुपरमध्ये ट्युरिंग पिढीचा एनव्हेंक आहे, आणि एन्कोडिंगचं काम कार्डावरचा तो वेगळा भाग करतो, गेम रंगवणारा भाग नाही. म्हणूनच थ्रीडी ९९ असताना व्हिडिओ एन्कोड तिशीत लोळतोय. एक्स२६४ लावलंत तर हे काम प्रोसेसरच्या गळ्यात पडेल, तोही १०८०पी ६० ला दमेल आणि आज जी ओळ शून्य आहे ती वाढायला लागेल. ते व्हिडिओ करणारे खोटं बोलत नाहीत, त्यांचं मशीन तुमचं नाही एवढंच.

आता फोर्झा. ओबीएस नुसतं रेकॉर्ड करत नाही. गेमचं चित्र, तुमचा कॅमेरा, चॅटची पट्टी, लोगो हे सगळं एकावर एक रचून ते स्वतःचं एक चित्र बनवतं, आणि ते बनतं जीपीयूवर. ६० फ्रेमला दर चित्रासाठी वेळ मिळतो १६.६७ मिलिसेकंद. चाळीत एका नळावर पहिल्या बाईने पिंप लावून ठेवलं की मागच्या बाईची कळशी छोटी असली तरी भरत नाही, तसं चाललंय. फोर्झाला तुम्ही सांगितलंच नाही की किती पुरे. तो जीपीयू असेल तेवढा सगळा पितो, ७५, ७८, ८० फ्रेम काढतो, आणि ओबीएसचा १६ मिलिसेकंदांचा मुहूर्त हुकतो. म्हणून तुमच्या स्क्रीनवर गेम मस्त आणि रेकॉर्डिंगमध्ये उड्या.

तेव्हा फोर्झाला ६० वर बांधा. गेमच्याच व्हिडिओ सेटिंगमध्ये फ्रेमरेटची मर्यादा आहे, नाहीतर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट'. तुमचं लाइव्ह ६० चंच आहे, वरच्या १५-२० फ्रेम कोणाच्याच कामाच्या नाहीत. ६० ला बांधूनही थ्रीडी ९० च्या खाली येत नसेल तर सावल्या आणि प्रतिबिंबं एकेक पायरी उतरवा. गाडीच्या बॉनेटवर ढग किती खरे दिसतात ते यूट्यूबच्या कॉम्प्रेशनमधून कोणालाही कळत नाही.

ओबीएस 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' ने उघडा. विंडोजवर तसं उघडलं की जीपीयूच्या रांगेत त्याला पुढचा नंबर मागता येतो. विंडोजचा गेम मोड चालू असू द्या. एनव्हेंकच्या सेटिंगमध्ये 'लुक-अहेड' आणि 'सायको व्हिज्युअल ट्यूनिंग' अशा दोन खुणा असतात. त्या ऐकायला भारी आहेत, पण काम करतात गेमच्याच कोअरवर. जीपीयू टंचाईत असताना दोन्ही बंद.

आणि तो शेजारचा मॉनिटर! स्वतःचंच लाइव्ह स्वतःच बघता, म्हणजे ब्राउझर तोच व्हिडिओ पुन्हा खाली उतरवतो, उलगडतो आणि रंगवतो. नेटही खातो, जीपीयूही. चॅटच हवं ना? यूट्यूबच्या चॅटची खिडकी सुटी काढता येते. तिचा पत्ता ओबीएसच्या 'कस्टम ब्राउझर डॉक्स' मध्ये टाका, चॅट ओबीएसमध्येच दिसेल. ओबीएसच्या प्रीव्ह्यूवर उजवं क्लिक करून तोही बंद करता येतो. खेळताना त्याच्याकडे बघतो कोण.

हार्ड डिस्कचा तुम्ही उल्लेख केलात, बहुतेक कोणीतरी तिच्यावर संशय घेतला असेल. रेकॉर्डिंगसाठी ती निर्दोष आहे. ९००० केबीपीएस म्हणजे सेकंदाला एक एमबीच्या किंचित वर, तासाला चार जीबी. एवढं जुनीपुराणी डिस्कही लिहिते. पण फोर्झा तिच्यावर ठेवलाय हे मला आवडलं नाही. तो गेम गाडी पळते तसा पुढचा रस्ता डिस्कवरून वाचत जातो, आणि त्याच डिस्कवर तुम्ही रेकॉर्डिंग लिहिताय. वळणावरच्या झटक्यांत त्याचाही वाटा असेल. पैसे घालायचेच असले तर एक एसएसडी घ्या. कार्ड नको.

नेटचं दुखणं 'केबल_ओढणारा' ला विचारा, तो इथे असतो. माझ्यापेक्षा त्याचा हात चालतो त्यात. मी फक्त एवढंच सांगतो: गणपतीत सकाळी मंडपात मोबाइलच्या नेटवर सगळं ठीक चालतं. संध्याकाळी दर्शनाची रांग लागली, प्रत्येकाचा फोन वर झाला, की तेच नेट बसतं. म्हणून मी समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाला तरी दादापुता करून त्यांच्या राउटरमधून केबल खाली सोडतो. आणि तरीही ७२०पी, ३० फ्रेमच पाठवतो. आरतीला ६० फ्रेम कशाला हव्यात?

केबल_ओढणारा

हजर.

ताई, तुमचं स्पीड टेस्ट ९० दाखवतं हे खरं आहे आणि त्याचा इथे उपयोग नाही हेही खरं आहे. स्पीड टेस्ट एकदम पाच-सहा जोडण्या उघडून काही सेकंदांची बेरीज दाखवतं. लाइव्ह जातं एकाच जोडणीतून, तासन्‌तास, न थांबता. तुम्हाला लागतात ९ एमबीपीएस. ते सरासरीला हवेत असं नाही, दर सेकंदाला हवेत. वायफायने मध्येच अर्धा सेकंद श्वास घेतला तर सरासरीत तो दिसत नाही. पण तेवढ्यात ओबीएसकडे पाठवायच्या डेटाचा ढीग साचतो, आणि ढीग प्रमाणाबाहेर गेला की ते फ्रेम फेकून देतं. रेकॉर्डिंग थेट डिस्कवर जातं, त्याचा नेटशी संबंध नाही, म्हणून व्हॅलोरंटचं रेकॉर्डिंग स्वच्छ.

पिंगचं तेच. गेम छोटी छोटी पाकिटं पाठवतो, त्याला जागा सहज मिळते. पिंग १० आहे म्हणून ९ एमबीपीएस सुरळीत जाईल असा अर्थ होत नाही.

केबलवाल्याला शिव्या घालण्याआधी डोंगल बघा. २.४ गिगाहर्ट्झचा असणार, बरोबर? त्या बँडमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. चारकोपच्या गल्लीत भिंतीला भिंत लागलेली घरं, प्रत्येकाचा राउटर, सगळे त्या तीनांत कोंबलेले. रात्री दहाला सगळे घरी. वर तुमचा स्लॅब.

आणखी एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं. डोंगल मशीनच्या मागे लावलाय म्हणालात. त्याच्या शेजारच्या निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये काही आहे का? बाहेरची डिस्क, कॅप्चर कार्ड, काहीही. यूएसबी ३ चं उपकरण आणि त्याची केबल चालताना २.४ गिगाहर्ट्झमध्येच गोंगाट करतात, आणि शेजारच्या डोंगलला राउटरचं ऐकू येईनासं होतं. इंटेलने २०१२ मध्ये ह्यावर कागदच काढला होता.

चारकोपची_गेमर

अरे देवा. बाहेरची डिस्क आहे. बॅकअपची. डोंगलला खेटूनच!

केबल_ओढणारा

मग आज रात्रीपुरतं: ती डिस्क काढा, डोंगल एका यूएसबी एक्स्टेन्शनवर लावून टेबलाच्या कडेला, उघड्यावर आणा. फरक दिसेल. पण हे मलमपट्टीच.

खरं काम केबलचं. जिन्याच्या कडेने किंवा खिडकीतून, जिथून जमेल तिथून राउटर ते मशीन एक कॅट ६ ओढा. शंभर मीटरपर्यंत चालते, तुम्हाला वीस लागतील. खिडकीतून नेणार असाल तर बाहेरच्या बाजूला केबल आधी खिडकीच्या खाली झोल देऊन मग वर घ्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी केबलवरून ओघळत थेट घरात, नशीब फुटकं असेल तर थेट राउटरमध्ये. बाहेर उन्हातून जाणार असेल तर बाहेरची काळ्या जाड आवरणाची केबल मागा. साधी करडी दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते.

टोकं दुकानात क्रिम्प करून घेताना आठही तारा लावायला सांगा. बरेच जण चारच लावतात. चालतं, पण १०० च्या वर कधी जाणार नाही. तुम्हाला आज फरक नाही पडणार, पुढे प्लान वाढवलात तर पडेल.

केबल लागेपर्यंत ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हान्स्ड', त्यात 'नेटवर्क', तिथे कोंडी झाली की बिटरेट आपोआप बदलण्याची खूण आहे, ती लावा. मग फ्रेम टाकण्याऐवजी ते बिटरेट खाली आणतं. चित्र थोडं गढूळ होईल, पण थांबणार नाही. 'विरार_फास्ट' म्हणतात तसं कायमचं ३००० करू नका. १०८०पी ६० ला ३००० म्हणजे फोर्झाची सगळी झाडं पालकाची भाजी. कमीच ठेवायचं असेल तर ७२०पी ६० करून ६००० ठेवा.

विरार_फास्ट

पालकाची भाजी 😄 मान्य. माझ्याकडे ३००० चालतं कारण मी बुद्धिबळ लाइव्ह करतो.

फुल_सेटिंग

ठीक आहे, कार्ड राहू दे. पण रॅमची एकच पट्टी आहे का १६ ची? रायझनवर एकच असली तर फोर्झा तसाच मार खातो. ८-८ च्या दोन हव्यात.

चारकोपची_गेमर

दोन आहेत, ८-८. तेवढं तरी बरोबर निघालं.

घामाघूम_लॅपटॉप

मध्येच घुसतोय, माफ करा. माझ्याकडे गेमिंग लॅपटॉप आहे. ओबीएसमध्ये 'गेम कॅप्चर' लावलं की काळा पडदा, 'डिस्प्ले कॅप्चर' लावलं तर दिसतं पण अडखळतं. शिवाय मे महिन्यात दुपारी अर्ध्या तासाने सगळंच हळू होतं.

मंडप_लाइव्ह

लॅपटॉपमध्ये दोन जीपीयू असतात, एक इंटेलचा किंवा एएमडीचा प्रोसेसरमधला आणि एक वेगळा मोठा. गेम मोठ्यावर चालतोय आणि ओबीएस छोट्यावर, म्हणून त्याला गेम दिसत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', 'डिस्प्ले', 'ग्राफिक्स' इथे ओबीएस शोधून 'हाय परफॉर्मन्स' करा आणि ओबीएस बंद करून उघडा. गेम कॅप्चर चालायला लागेल. डिस्प्ले कॅप्चर मग कदाचित काळं पडेल, कारण लॅपटॉपचा पडदा सहसा छोट्याच्या हातात असतो. त्याची गरजच नाही, गेम कॅप्चरच वापरा.

दुपारचं म्हणजे उष्णता. चार्जर लावलेला हवा, बॅटरीवर लाइव्ह करायचंच नाही. लॅपटॉप गादीवर नको, मागून दोन बोटं उचललेला हवा. मुंबईच्या दमटपणात पंख्यात धूळ नुसती बसत नाही, चिकटते. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या. तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो टाका. आकडा वर जाऊन टेकला की प्रोसेसरचा आणि जीपीयूचा वेग (क्लॉक) खाली येतो, ते दोन्ही तुम्हाला शेजारी शेजारी दिसेल. फ्रेम बांधण्याचा उपाय इथेही लागू आहे, कमी काम म्हणजे कमी ताप.

चारकोपची_गेमर

मंडळी, आले परत.

केबल ओढली. वीस मीटर, जिन्याच्या कठड्याखालून, भावाने खिळे ठोकले आणि आईने "भिंत खराब केलीत" हे ऐकवलं. डोंगल काढूनच टाकला. फोर्झा ६० वर बांधला, ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटरने उघडलं, त्या दोन खुणा काढल्या, चॅट डॉकमध्ये घेतलं (हे तर फारच सोयीचं आहे). थ्रीडी आता ८०-८५ वर असतं.

काल रात्रीचं फोर्झा, तासभर: नेटवर्क शून्य. चक्क शून्य. एन्कोडिंग शून्य. रेंडरिंग २,१०४ / २,१६,०२० (१.०%). रेकॉर्डिंग बघितलं, वळणावरच्या उड्या गेल्या. तरी अधूनमधून एखादा झटका येतोच. आणि एक नेहमीचा प्रेक्षक अजूनही म्हणतो अडकतंय. बाकी सगळे ठीक म्हणतात.

मंडप_लाइव्ह

छान. तो उरलेला एक टक्का कुठे येतो ते बघा. खेळताना मध्येमध्ये येत असेल तर डिस्क, फोर्झा एसएसडीवर न्या. पण बहुधा तो मेनूत आणि लोडिंगच्या वेळी येत असेल. बरेच गेम मेनूत मर्यादा पाळत नाहीत, तिथे ते तीनतीनशे फ्रेम काढत बसतात आणि जीपीयू पुन्हा ९९ ला जातो. लोडिंगच्या काळ्या पडद्यावर फ्रेम हुकल्या तर रडायचं कारण नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधून बांधलंत तर मेनूही बांधला जातो.

एका प्रेक्षकाचं: सगळे ठीक म्हणतात आणि एकच अडकतो, तर ते त्याच्याकडचं. तरी खात्री करायची तर यूट्यूब स्टुडिओत लाइव्हच्या पानावर स्ट्रीमची तब्येत लिहिलेली असते. तिथे हिरवं असेल तर तुमच्याकडून माल नीट पोचतोय. तो कुठून बघतो विचारा. माझा एक भजनाचा नेहमीचा श्रोता तक्रार करायचा, तो निघाला रोज रात्रीच्या कर्जत लोकलमधून बघणारा.

लेटन्सी 'अल्ट्रा लो' ठेवलीत का? असेल तर 'लो' करा. अल्ट्रात बघणाऱ्याच्या फोनकडे साठा अगदी थोडा असतो, त्याचं नेट जरा हललं की चाक फिरतं. चॅटला उत्तर दोन-चार सेकंद उशिरा जाईल, एवढंच.

चारकोपची_गेमर

अल्ट्रा लोच होती! बदलली. आणि तो प्रेक्षक रात्रपाळीचा वॉचमन आहे, बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमधून बघतो.

एसएसडी ह्या पगाराला घेते. रेकॉर्डिंग मात्र सध्या लाइव्हच्याच ९००० वर होतं, छोट्या व्हिडिओत झूम केलं की फाटतं. ते वेगळं ठेवता येईल? दोन एन्कोडिंग एकदम चालली तर पुन्हा सगळं गळायला लागेल का?

मंडप_लाइव्ह

येईल. आउटपुटमध्ये 'ॲडव्हान्स्ड' मोड करा, रेकॉर्डिंगच्या पानावर 'स्ट्रीमचा एन्कोडर वापरा' हे बदलून तिथेही एनव्हेंक निवडा, रेट कंट्रोल 'सीक्यूपी' (दर्जा कायम, बिटरेट लागेल तसा), आकडा २० च्या आसपास. आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. लाइव्हला मात्र सीबीआरच (बिटरेट कायम), आणि कीफ्रेम (अख्खं चित्र) दर २ सेकंदांनी. दोन एन्कोडिंग तुमचं कार्ड सहज उचलेल, व्हिडिओ एन्कोड तिशीत होता ना, तो थोडा वर जाईल. फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच लाइट गेली तर साधी एमपी४ फाइल उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची मिळते. नंतर 'फाइल' मेनूत 'रीमक्स' करून एमपी४ करा, काही सेकंदांत होतं, चित्राला धक्का लागत नाही.

बदल केल्यावर अर्धा तास लाइव्ह आणि रेकॉर्डिंग दोन्ही चालू ठेवून स्टॅट्स बघा. मधली ओळ हलली तर एनव्हेंकचा प्रीसेट एक पायरी उतरवा, पी५ असेल तर पी४.